ॲमेझॉन आरडीएसची मल्टी-एझेड सेवा : नाशिकच्या दोन द्राक्ष हंगामांतील अनुभव

जानेवारी उजाडला की दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील पॅकहाऊसमध्ये सकाळपासून क्रेट उतरू लागतात आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत हे काम थांबत नाही. प्रत्येक क्रेटचे वजन, प्लॉटचा नोंदणी क्रमांक, तोडणीची वेळ आणि प्रतवारी यांची नोंद ज्या सॉफ्टवेअरमध्ये होते, ते आम्ही सहा जण गंगापूर रोडवरच्या एका छोट्या कार्यालयातून चालवतो. याच नोंदींवरून शेतकऱ्याचा हिशोब निघतो, निर्यातीच्या बॉक्सचा माग थेट प्लॉटपर्यंत लावता येतो आणि अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत भरायच्या माहितीलाही त्यांचाच आधार असतो. ऑक्टोबर छाटणीपासून पुढे चार-पाच महिने ज्याने अवकाळी पाऊस, डाऊनी हा बुरशीजन्य रोग आणि थंडी यांच्याशी झुंजत बाग राखली, त्याच्या मालाचे वजन हरवणे यासारखी दुसरी चूक आमच्या व्यवसायात नाही, असे मी मानतो. म्हणून डेटाबेस कुठे आणि कसा ठेवायचा, या प्रश्नाकडे आम्ही आता खर्चाची बाब म्हणून पाहत नाही.

पूर्वी तसे पाहत होतो. एका होस्टिंग कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या एकाच सर्व्हरवर सगळा कारभार होता आणि रोज रात्री बॅकअप निघत असे. एका फेब्रुवारीत, ऐन तोडणीच्या दिवशी, सकाळी त्या सर्व्हरची डिस्क गेली. दुपारपर्यंत तीन पॅकहाऊसमध्ये वजने वहीत लिहिली गेली, पुढचे दोन दिवस ती वही आणि संगणक यांचा मेळ घालण्यात गेले, आणि तरीही काही क्रेटचा हिशोब अखेर शेतकऱ्याच्या शब्दावर मिटवावा लागला. त्या हंगामानंतर आम्ही डेटाबेस ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस भाड्याने चालवून देणाऱ्या क्लाऊड सेवेवर, मुंबई प्रदेशात, मल्टी-एझेड मांडणीत हलवला. त्याला आता दोन हंगाम झाले आहेत, आणि अशाच आकाराच्या इतर कंपन्यांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

सेवेचे स्वरूप थोडक्यात सांगतो. ॲमेझॉनचा मुंबई प्रदेश, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरचा समूह, जून २०१६ मध्ये सुरू झाला आणि आज त्यात तीन उपलब्धता क्षेत्रे (अव्हेलेबिलिटी झोन, म्हणजेच एझेड) आहेत. क्षेत्र म्हणजे एक किंवा अधिक डेटा सेंटर, ज्यांची वीज, शीतकरण आणि नेटवर्क इतर क्षेत्रांपासून स्वतंत्र असते. मल्टी-एझेड घेतल्यावर एका क्षेत्रात मुख्य डेटाबेस चालतो आणि दुसऱ्या क्षेत्रात त्याची राखीव प्रत तयार ठेवली जाते. मुख्य ठिकाणी लिहिलेली नोंद राखीव प्रतीतही पक्की झाल्याशिवाय आपल्या प्रोग्रामला होकार मिळत नाही, त्यामुळे मुख्य डेटाबेस अचानक बंद पडला तरी होकार मिळालेली नोंद हरवत नाही. बिघाड झाला की सेवा स्वतःहून राखीव प्रतीला मुख्य करते आणि डेटाबेसचे डीएनएस नाव (ज्यावरून प्रोग्राम त्याचा पत्ता शोधतो ते नाव) नव्या ठिकाणाकडे वळवते. यासाठी साधारण ६० ते १२० सेकंद लागतात, असे कंपनीच्या दस्तऐवजात म्हटले आहे. आमच्या प्रत्येक चाचणीत हा काळ त्याच मर्यादेत राहिला आणि एकही पक्की झालेली नोंद गेली नाही. सेवेने जे कबूल केले ते दिले, आणि या मुद्द्यावर मी तिला पूर्ण गुण देतो.

परंतु डेटाबेस नव्वद सेकंदांत उभा राहतो, म्हणजे तुमची प्रणाली नव्वद सेकंदांत उभी राहते, असे मुळीच नाही. आरडीएसमध्ये डेटाबेस रीबूट करताना 'फेलओव्हरसह', म्हणजे मुद्दाम राखीव प्रतीवर जाण्याचा, पर्याय निवडता येतो, आणि माझ्या मते ही या सेवेतील सर्वांत मोलाची सोय आहे, कारण तिच्यामुळे बिघाडाची तालीम आपल्या सवडीने करता येते. पहिली तालीम आम्ही जुलैमध्ये, पॅकहाऊसला कुलूप असताना केली. डेटाबेस दीड मिनिटाच्या आत दुसऱ्या क्षेत्रातून बोलू लागला; आमचा प्रोग्राम मात्र पंधरा मिनिटे गप्प होता. कारण शोधायला दोन दिवस लागले आणि ते ऐकून कोणत्याही अनुभवी माणसाने कपाळाला हात लावला असता. प्रोग्रामने जुन्या ठिकाणाशी आधीच जोडण्या उघडून ठेवल्या होत्या, त्या जोडण्यांवर उत्तराची वाट किती वेळ पाहायची याची मर्यादा आम्ही घातलेलीच नव्हती, आणि अशा वेळी लिनक्सच्या मूळ मांडणीप्रमाणे समोरून काहीच उत्तर न देणारी जोडणी मेली असे ठरायला सुमारे पंधरा मिनिटे जातात. त्यात भर म्हणून आमचा जावा प्रोग्राम डीएनएसचे जुने उत्तर गरजेपेक्षा जास्त वेळ धरून ठेवत होता.

दुरुस्ती अवघ्या काही ओळींची होती. जोडणी उघडायला तीन सेकंद, एका प्रश्नाच्या उत्तराला दहा सेकंद, डीएनएसचे उत्तर पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचे नाही, आणि जोडणी वापरण्याआधी ती जिवंत आहे का हे तपासायचे. हे आकडे आमच्या कामाला जुळणारे आहेत आणि दुसऱ्याने ते जसेच्या तसे उचलू नयेत. पण आकडा कुठला तरी असलाच पाहिजे. मर्यादा न घातलेली प्रत्येक वाट ही एका भागातील बिघाड दुसऱ्या भागात नेणारी वाट असते. डेटाबेस गप्प झाला म्हणून वेब सर्व्हरचे सगळे धागे (एकेक विनंती हाताळणारे भाग) अडकतात, ते अडकले म्हणून पावती छापणारा भाग अडकतो, आणि शेवटी ज्याचा डेटाबेसशी संबंधच नाही असे लॉगिनचे पानही उघडत नाही. मांडवाची एक तार तुटली आणि बाकीच्या तारांना ताण सोसला नाही तर अख्खी रांग बसते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही साखळी समजावून सांगावी लागणार नाही.

दुसऱ्या तालमीत वेगळीच गोष्ट दिसली आणि ती अधिक धोकादायक होती. या खेपेला प्रोग्राम वेळेत सावरला, पण सावरताक्षणी त्याच्यावर चाळीस वजनकाट्यांवरून एकाच वेळी विनंत्या कोसळल्या, कारण अपयश आले की दर सेकंदाला पुन्हा प्रयत्न करायचा, असे आम्ही काट्यांना शिकवले होते. नुकताच उठलेला डेटाबेस त्या गर्दीने पुन्हा वाकला. यावरचा उपाय या क्षेत्रात सर्वमान्य आहे : प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा काळ दुप्पट करत न्यायचा, त्यात थोडी यादृच्छिक भर घालायची, म्हणजे सगळे काटे एका तालात दार ठोठावत नाहीत, आणि प्रयत्नांना कमाल मर्यादा ठेवायची. हे आम्हाला वाचून ठाऊक होते. केलेले मात्र नव्हते.

त्याच तालमीनंतर डेटाबेस तपासताना सतरा क्रेट दोनदा नोंदलेले आढळले. घडले असे की नोंद पक्की झाली, पण तिचा होकार काट्यापर्यंत पोहोचण्याआधीच जोडणी तुटली, आणि काट्याने ती नोंद गेलीच नाही असे समजून पुन्हा पाठवली. हंगामात हे झाले असते तर एका शेतकऱ्याच्या नावावर न आलेला माल चढला असता, आणि ती चूक दुरुस्त करताना शंकेची सुई त्याच्याकडे वळली असती. ही शक्यता मला आजही अस्वस्थ करते. आता प्रत्येक वजनाला काट्याजवळच्या संगणकावरच एक एकमेव क्रमांक मिळतो आणि डेटाबेस त्या क्रमांकाची दुसरी नोंद स्वीकारत नाही, त्यामुळे तीच विनंती दहा वेळा आली तरी परिणाम एकदाच होतो. जिथे पुन्हा प्रयत्न करण्याची सोय आहे तिथे हा गुण अनिवार्य आहे. कोणतीही क्लाऊड सेवा तो विकत देऊ शकत नाही, कारण कोणते दोन क्रेट वेगळे आणि कोणते एकच, हे फक्त तुम्हालाच माहीत असते.

आता किमतीविषयी. मल्टी-एझेडमध्ये यंत्र आणि साठवण या दोन्हींचे भाडे जवळपास दुप्पट होते, आणि भारतात त्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. शिवाय या मांडणीतील राखीव प्रत वाचण्यासाठीही वापरता येत नाही. अहवालांचा भार तिच्यावर टाकावा म्हटले तर सेवा ते करू देत नाही. अनेक लहान कंपन्या इथेच थांबतात आणि विचारतात की गरज पडेल तेव्हा बॅकअपवरून नवा डेटाबेस उभा केला तर काय बिघडते. मीही हा प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर २० ऑक्टोबर २०२५ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया प्रदेशात मिळाले. तिथे ॲमेझॉनच्याच डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचे डीएनएस सांभाळणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेत दडलेल्या दोषामुळे सेवेच्या पत्त्याची नोंदच रिकामी झाली, आणि ती पूर्ववत झाल्यानंतरही कित्येक तास नवी ईसीटू यंत्रे (ॲमेझॉनचे भाड्याचे सर्व्हर) सुरू करण्यात अडचणी येत राहिल्या. ज्यांचा बेत बिघाड झाल्यावर नवे यंत्र मागवण्याचा होता, त्यांना नेमक्या त्याच वेळी यंत्र मिळत नव्हते. चालू असलेले यंत्र चालू ठेवणे ही एक गोष्ट आणि संकटकाळात नवे यंत्र मिळवणे ही दुसरी, आणि दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा नेहमीच नाजूक असते. राखीव प्रतीसाठी आपण पैसे मोजतो ते ती आधीपासून उभी आहे म्हणून. गारपीट सुरू झाल्यावर जाळी आणायला कोणी बाजारात जात नाही.

सेवाकराराच्या आकड्याकडेही डोळसपणे पाहायला हवे. मल्टी-एझेडसाठी महिन्याला ९९.९५ टक्के उपलब्धतेची हमी आहे. ३० दिवसांच्या महिन्यात याचा अर्थ सुमारे साडेएकवीस मिनिटांचा खंड हमीच्या आत बसतो. हमी मोडली तर भरपाई मिळते ती पुढच्या बिलातील सवलतीच्या रूपाने, आणि ती सेवेच्या शुल्कापुरती असते. न्हावा-शेवाला निघालेल्या कंटेनरची कागदपत्रे रखडली तर त्या नुकसानीशी या कराराचा संबंध नाही.

सर्वांत मोठा गैरसमज बॅकअपबद्दल आहे. राखीव प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. मुख्य डेटाबेसमध्ये चुकीची आज्ञा दिली तर ती राखीव प्रतीतही त्याच क्षणी तितक्याच इमानाने अमलात येते. पहिल्या हंगामाच्या शेवटी आमच्याच एका सहकाऱ्याकडून एका प्लॉटचा दर दुरुस्त करताना आज्ञेत कोणता प्लॉट ही अट लिहायची राहून गेली आणि सगळ्या प्लॉटचे दर एकसारखे झाले. दोन्ही क्षेत्रे सुस्थितीत होती आणि दोन्हीकडे चुकीचाच दर होता. त्या दिवशी कामी आली ती आरडीएसची दुसरी सोय : स्वयंचलित बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवसांपर्यंत राखता येतो आणि त्या काळातील कोणत्याही क्षणापर्यंत डेटाबेस परत नेता येतो, अगदी साधारण पाच मिनिटांपूर्वीपर्यंत. मात्र हे करताना जुना डेटाबेस मागे जात नाही. नव्या नावाने दुसराच डेटाबेस तयार होतो आणि त्यातून हवी ती माहिती आपल्याला काढून आणावी लागते. आम्हाला एकूण दोन तास लागले. नवा डेटाबेस तयार झाल्याचे पडद्यावर दिसल्यानंतरही सुरुवातीचे वाचन फार संथ होते, कारण मागणी होईल तसतशी माहिती मागच्या साठवणीतून ओढली जाते. हे आधी ठाऊक असते तर तो अर्धा तास आम्ही घाबरून काढला नसता.

बॅकअप निघतो आहे आणि बॅकअपवरून परत येता येते, या दोन गोष्टींतील अंतर मोठमोठ्यांनाही महागात पडले आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत चुकून मुख्य डेटाबेसच पुसला गेला, तेव्हा त्यांच्या बॅकअपच्या अनेक पद्धतींपैकी बहुतेक चालत नसल्याचे उघड झाले, आणि सुदैवाने हाती असलेल्या सुमारे सहा तास जुन्या प्रतीवरून त्यांना सावरावे लागले. त्यांनी हे सगळे जाहीरपणे मांडले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचे बॅकअप त्याच जागी होते त्यांच्यापैकी काहींची मूळ माहिती आणि बॅकअप दोन्ही गेले.

याच कारणाने आम्ही मुंबईबाहेरही एक प्रत ठेवतो. उपलब्धता क्षेत्रे एकमेकांपासून दूर असली तरी ती १०० किलोमीटरच्या आतच असतात, असे ॲमेझॉन सांगते, आणि मुंबईच्या परिसराला एकाच दिवशी काय सोसावे लागू शकते हे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला नोंदल्या गेलेल्या ९४४ मिलिमीटर पावसाने दाखवले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबाद प्रदेश सुरू झाल्यापासून देशातल्या देशात दुसरा प्रदेश हाताशी आला. आमच्या डेटाबेसचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) रोज रात्री तिकडे पाठवला जातो. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट : हैदराबाद प्रदेश खात्यात आपोआप उपलब्ध नसतो, तो आधी सुरू करून घ्यावा लागतो. हे काम संकटाच्या दिवशी करायचे नाही. संपूर्ण प्रणाली दोन्ही प्रदेशांत एकाच वेळी चालवण्याचा विचार आम्ही केला आणि सोडून दिला, कारण दोन ठिकाणी एकाच वेळी लिहिल्या जाणाऱ्या नोंदींचा मेळ घालणे हे काम मूळ बिघाडापेक्षा अवघड आहे, आणि सहा जणांच्या संघाने ते अंगावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढे सगळे केल्यावरही नाशिकच्या बाजूची अडचण उरतेच. दुसऱ्या हंगामात प्रत्यक्ष काम अडले ते मुंबईतल्या कोणत्याही बिघाडाने नव्हे, तर रस्त्याच्या कामात पॅकहाऊसकडे जाणारी फायबर केबल तुटल्याने. डेटाबेस तिथे उत्तम चालू होता आणि आम्हाला तो दिसत नव्हता. त्यावेळी पहिल्या हंगामानंतर केलेला बदल उपयोगी पडला. काट्याजवळचा संगणक आता प्रत्येक वजन आधी स्वतःच्या डिस्कवर लिहितो, शेतकऱ्याला पावती लगेच देतो आणि मग नेट असेल तसे ते वजन ॲमेझॉनच्या एसक्यूएस या संदेश साठवून पुढे देणाऱ्या रांगेत पाठवतो. ही रांग संदेश मूळ मांडणीत चार दिवस आणि सांगितल्यास चौदा दिवसांपर्यंत सांभाळते, त्यामुळे पुढचा डेटाबेस थांबला तरी नोंदी साठून राहतात. तिच्या साध्या प्रकारात एखादा संदेश दोनदा येऊ शकतो, हे दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे, पण प्रत्येक वजनाला स्वतःचा क्रमांक असल्याने आम्हाला त्याची भीती उरलेली नाही. केबल जोडायला साडेतीन तास लागले. त्या वेळात क्रेट उतरत राहिले, पावत्या निघत राहिल्या, आणि केबल जोडल्यावर साठलेल्या सगळ्या नोंदी काही मिनिटांत मुंबईला पोहोचल्या. पॅकहाऊसच्या मुनीमकाकांनी संध्याकाळी फोन करून विचारले की आज काही बिघडले होते का, कारण त्यांना फक्त कार्यालयातले अहवाल उघडत नसल्याचे जाणवले होते. तो फोन मला कोणत्याही प्रमाणपत्राहून मोठा वाटतो.

देखरेखीबाबत एकच गोष्ट नोंदवतो. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एसथ्री या फाइल साठवण सेवेत एका आज्ञेतील चुकीच्या आकड्यामुळे हवे त्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले आणि सेवा सुमारे चार तास विस्कळीत झाली. त्या वेळी सेवांची स्थिती दाखवणारे ॲमेझॉनचे स्वतःचे पानही काही काळ अद्ययावत करता आले नाही, कारण तेही एसथ्रीवरच अवलंबून होते. गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आले ते पाहतात, कारण ती खूण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते आणि तिला कोणाच्या कळवण्याची गरज नसते. तशी खूण म्हणून आमचा एक छोटा प्रोग्राम ॲमेझॉनच्या बाहेरच्या एका यंत्रावरून दर मिनिटाला एक खोटे वजन पाठवतो, ते परत वाचतो, आणि तीन वेळा जमले नाही तर आमच्यापैकी दोघांचे फोन वाजवतो. यंत्राचा भार आणि मेमरी यांचे आलेख आम्ही क्वचितच पाहतो. वजन जाऊन परत आले का, एवढेच पाहतो.

सेवेतील उणिवा वर आल्याच आहेत. राखीव प्रत वाचता न येणे ही त्यांतील मला सर्वांत खटकणारी. दोन वाचनक्षम राखीव प्रती देणारा मल्टी-एझेड क्लस्टर हा वेगळा प्रकार २०२२ पासून उपलब्ध आहे आणि त्यात बदली बहुधा ३५ सेकंदांच्या आत होते, असे कंपनी सांगते. पण तीन यंत्रांचे भाडे आमच्या आकाराला परवडत नाही आणि काट्याजवळच नोंद राखल्यामुळे ती घाई आम्हाला गरजेचीही नाही. ज्यांच्याकडे ग्राहक थेट पडद्यासमोर बसून पैसे भरतो, त्यांनी त्याचा विचार जरूर करावा. सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात दिवसातून दोनदा वापरायचे हजेरीचे सॉफ्टवेअर असेल, तर साधा आरडीएस आणि तपासलेला बॅकअप पुरेसा आहे. दुप्पट भाडे देऊ नये. ज्यांच्या नोंदीवर कोणाचे पैसे ठरतात त्यांनी मात्र मल्टी-एझेड घ्यावे, आणि घेतलेल्या आठवड्यातच पहिली तालीम करावी.

आमची पुढची तालीम छाटणी सुरू होण्याआधी, सप्टेंबरमध्ये ठरली आहे. गेल्या खेपेला हैदराबादच्या प्रतीवरून सगळी प्रणाली उभी करायला तीन तास दहा मिनिटे लागली होती, आणि त्यातला जवळपास एक तास पासवर्ड व परवानग्या शोधण्यात गेला होता. या वेळी हे काम, ज्याने ती मांडणी लिहिलेलीच नाही असा आमचा सर्वांत नवा सहकारी, फक्त लिहून ठेवलेल्या सूचना वाचून करणार आहे.